थंड इंजिन

नावड्याला पोचलो तेव्हा अकरा वाजले होते
आणि बॉनेट गरम होतं.

लियाकत मेस्त्रीनं नुसतं डोळ्यांनी खुणावलं.
मी तळवा टेकवला, जसा रोज नेरुळच्या क्लिनिकात
सुजलेल्या गुडघ्यावर टेकवते:
ताप वरचा की आतला, हाताला कळतं.
आतलाच.

जुनी डिझेल विकायची असली की आधी तापवून ठेवतात,
म्हणजे गिऱ्हाइकासमोर ती खोकत नाही.
धर्मा मढवी म्हणाले, "मी रोज पाटे पाचला चालू करतो.
कुटं जात नाय. दा मिन्टां. सवय."
पहाटे पाचची ऊब अकरापर्यंत उरत नाही,
हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.
"थांबतो आम्ही. गार होऊ दे."
"थांब ना गो बाय. भाकरी खाशील?"

जानेवारी. पत्र्याची शेड.
बॉनेटवर एक मांजर येऊन बसलं, पाय पोटाशी घेऊन.

लियाकत पाठीवर सरपटत गाडीखाली गेला.
मी फ्रिजवरचं चुंबक आणलं होतं, हापूसच्या आकाराचं;
दाराच्या खालच्या कडेला ते धरेना.
पत्रा नाही, पुट्टी.
किंगपिनला खेळ. स्प्रिंगचं एक पान तुटलेलं.
चासीवर वेल्डिंगचे व्रण, दोन वेगळ्या हातांचे.
मी मनातल्या मनात कार्ड भरत गेले:
वय सव्वीस. उभं राहताना डावीकडे झुकते.
आधी कुणीतरी कापलंय, कागद नाहीत.

कागद होते. दुधाच्या पिशवीत आरसी,
मार्चपर्यंतचं फिटनेस, हरित कराची पावती,
आणि चुकून एक सातबारा,
ज्यावरची जमीन आता सेक्टर आहे.
तो त्यांनी हळूच ओढून घेतला.
"हा नाय विकायचा."

मग सुकट, तांदळाची भाकरी, कांदा.
"तवा इथून बांधापरत निस्ता चिखल.
कुनाची बाय अरली, माजी गारी.
कोन मेला, माजी गारी.
पुरचा लिवर टाकला का म्हशीवानी निगायची."
आता दारात काँक्रीट आहे.
पुढचा लिव्हर सहा वर्षं कुणी हलवलेला नाही.
आणि मी, जिच्या इमारतीखाली तीन मजले पार्किंग,
पैसे मोजून चिखल शोधायला आले होते.

दीड वाजता मांजर उठलं आणि उन्हात गेलं.
"झाली गार," लियाकत म्हणाला.

पहिला सेल्फ: नाही.
दुसरा: एक ढेकर.
तिसऱ्याला पांढरा धूर, मग निळसर,
बराच वेळ निळसर,
मग धूर नाही, नुसती थरथर.
लियाकतनं ऑइलचं झाकण काढून तोंडावर उलटं ठेवलं.
ते नाचलं. पडलं नाही.
"रिंगा काढतील वर्षभर."
असा धीर मीही लोकांना देते.

तळोज्यामागच्या बंद खाणीत लिव्हर बसेना.
मी दात-ओठ खाऊन ओढत होते.
"जोर नको. वाईच मागं घे, मंग."
मागे घेतली. खटकन्.
निखळलेला खांदा असाच बसतो.
सुट्या खडीवरून आम्ही चढत गेलो, माणसाच्या चालीनं,
चारही चाकं आपापलं चावत.
वर मढवी टॉवरांकडे बोट करून सांगत राहिले:
तिथं भात. तिथं मीठ.
आनि तिथं, त्या पिवल्या बिल्डिंगच्या जाग्यावर,
मी रुतलेलो एकदा, गारी नि नवरीसकट.

लियाकतनं एक चाळीस ठरवलं होतं.
मी एक पासष्टला हो म्हटलं.
परतताना कळंबोलीपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला फोन.
मी आधीच खाली उतरले होते, गाऊनवर शाल.
"झाली का चालू?"
"तिसऱ्याला."
पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग:
"पांढरा का निला?"
मी वळून पाहिलं.
अजून अंधार होता.