चौथा महिना

कॅनडा कॉर्नरच्या क्लिनिकात
आहेर मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या,
पुटकुळ्या जातील, पण आधी ओठ जातील.
मी हसले होते.
तेव्हा हसता येत होतं.

आता चौथा महिना.
गोळी जेवणाबरोबरच, पोटात थोडं तूप हवं.
आई धार धरते ती सोडतच नाही,
जणू आत ओतलेलं
गालावर उगवणार आहे.
नाकात सकाळी रक्ताची खपली,
हनुवटीवर लासलगावी कांद्याचा पापुद्रा,
आणि तो ओढायचा नाही.

पाणी कोमट. अंग टिपायचं, पुसायचं नाही.
ओलं आहे तोवर मलम, तीन मिनिटांत.
आमच्या मोरीला कडी नाही, धाकटा दार बडवतो.
तीन मिनिटांत मी गालापर्यंत पोचते,
मान राहते.

सहाची गाडी. पिंपळगाव. जानेवारी.
पॅकहाऊसमधली थंडी मशीनची,
ती बरोबर ओठ शोधून काढते.

घड देठानं धर,
गांगुर्डे मावशींनी शिकवलं होतं,
मण्याला बोट लागलं की मेण गेलं,
पुन्हा येत नाही ते.
पांढुरकं, काचेवर श्वास सोडावा तसं मेण.
बोटीतून जाणाऱ्या द्राक्षाला
कुणी कुणी म्हणून हात लावत नाही.

माझ्या तोंडाला आठवीपासून
सगळ्यांनी लावला.
लिंबू, मुलतानी माती, टूथपेस्ट,
आत्याचा कसलासा लेप.
लग्नाच्या मांडवात अनोळखी बाईनंसुद्धा
बोट टेकवून विचारलं, हे काय गं?

आज मावशी सांगत होत्या,
नवऱ्यानं द्राक्षाची साखर मोजायचं मीटर घरी नेलं
आणि त्यांच्या चहाला लावलं.
मी हसले.
ओठ मधोमध फाटला.
मास्कवर लाल ठिपका,
सुपरवायझरनं नुसती मान हलवली, बाहेर.

नळाजवळ ऊन होतं.
मावशी मागून आल्या, हातमोजा काढला,
कमरेच्या पिशवीतून व्हॅसलिनची चपटी डबी.
टाचांसाठी ठेवते, म्हणाल्या.
ओठांना चालेल?
भेग ती भेगच.

हनुवटी खालून धरली त्यांनी,
दोन बोटांत,
गालाला कुठंच न लागता.

खपली धरेपर्यंत हसू नको, म्हणाल्या,
आणि लगेच
चहाचा आकडा किती आला ते सांगितलं.