एकशे बत्तीस

चुनाभट्टीला पिठाच्या गिरणीवर माझी खोली.
खाली पट्टा फिरतो तो साधारण एकशे बारावर,
ज्वारी असली की जरा जड, एकशे दहा.
हे मी कुणाला सांगत नाही.

ट्रॉम्ब्याहून हरेश्वर वैती आला, कॅसेट घेऊन.
वर बॉलपेनने : हळद, ९३, ढोलकी भास्कर तांडेल.
म्हणाला, ताई, भावाच्या हळदीला नॉनस्टॉप पाहिजे,
सगळी गाणी एकशे बत्तीसवर,
मधे कुणी खुर्चीवर बसायला नको.

सॉफ्टवेअरने कान लावला, सांगितलं :
अठ्ठ्याऐंशी पॉइंट पाच.
खोटं.
तीन-तीनच्या उड्या घेत चाललेली ढोलकी
त्याने चार-चारच्या डब्यांत भरली होती,
इडलीच्या साच्यात घावन ओतावं तशी.
मी टेबलावर बोट आपटत मोजलं. एकशे अठरा.
पुढच्या कडव्याला एकशे एकवीस.
मग बायका उठल्या असणार,
कारण बांगड्या ऐकू येतात,
आणि एकशे सव्वीस.

रात्रभर पिवळ्या खुणा.
प्रत्येक ठोक्याच्या कपाळावर एक,
पकडायचा, ओढायचा, रेघेला आणून टेकवायचा.
पुढे गेलेल्याला मागे, रेंगाळलेल्याला पुढे.
शाळेत प्रार्थनेला बाई असंच करायच्या,
खांदे धरून.
ताणलेल्या जागी आवाजाला पाणी सुटतं,
गाणारीच्या ‘गो’च्या कडांना जाळी पडते.

तीन मिनिटं बेचाळीसवर ठोकाच नाही.
टेप ठीक. बायका गातायत. मागे कुणी शिट्टी मारतंय.
ढोलकी मात्र एका पावलाची जागा सोडून
पुढे पुन्हा पडते, चुकल्यासारखी नाही,
गटार ओलांडल्यासारखी.

फोन लावला. भास्करमामा ऐंशीच्या पुढचे, कानाला यंत्र.
तो तुकडा चारदा ऐकवला.
चौथ्यांदा हसले :
“अगो, तवा माज्या डोल्यान हलद गेलती.
एक हात डोल्याव. मंग ढोलकी कोन,
तुजा बापूस वाजवील?”

मी फाइल दोनदा सेव्ह केली.
एकीत भोक तसंच.
दुसरीत मागचा एक ठोका कापून तिथे चिकटवला,
वर किक, चारही पाय जमिनीवर, एकशे बत्तीस.
हरेश्वरला दोन्ही पाठवल्या.
दुसरी त्याने लगेच ऐकली, वर तीन अंगठे.
पहिलीवरचा डाउनलोडचा बाण
अजून तसाच असेल.

मांडव जेट्टीजवळ, जाळी सुकवायच्या जागेत.
स्पीकरच्या भिंतीसमोर पोरं,
टी-शर्टवर नवऱ्याचं नाव छापलेलं.
गाणं लागलं. कुणी खुर्चीवर बसलं नाही
भास्करमामा सोडून.
यंत्र काढून खिशात ठेवलेलं,
चप्पल बाजूला, टाचा जमिनीला लावून
अंगातून चढेल तेवढं ऐकत होते.

एकशे बत्तीसच्या घाईत ते बेचाळीस
तीन पंचवीसलाच येणार होतं.
मी मोबाइलमध्ये बघत उभी राहिले.
तेवीस. चोवीस.
बुजवलेल्या भोकावरून किक ट्रकसारखी गेली,
कुणाचं पाऊल चुकलं नाही.
मामांचा उजवा हात उठला
आणि डोळ्यावर गेला.
पुसलं. हात खाली आला.
मांडीवर पुन्हा तीन, तीन.

हरेश्वर कानाशी ओरडला, बेस कमी वाटतो ना?
मी म्हटलं, हो, वाढवते.