हात वर असतानाचं माप

तिघा शिंप्यांनी नाही म्हटलं.
एकानं लग्नाचे तयार सूट दाखवले,
एकाला वाटलं मी वेटर आहे,
तिसरा नुसताच हसला.

वुच शहरात गिरण्यांचे मॉल झाले,
सुया कुठे गेल्या कुणास ठाऊक.
शेवटी माझ्या ट्राममधल्या एका म्हातारीनं
तिकिटामागे लिहून दिलं:
टेओफिल, तळघर. घंटा बिघडलीय, दार ठोका.

त्यानं छाती मोजली नाही, कंबर नाही.
म्हणाला, "हात वर. वॉल्ट्झला धरतोस तसे."
धरले. समोर हवा.
"उंची किती तिची?"
"अजून कुणी नाही. वर्ग मंगळवारी असतो."

तोंडात टाचण्या होत्या म्हणून असेल,
तो काही बोलला नाही.
माझ्या हनुवटीशी तळहात आडवा धरला,
जरासा खाली घेतला,
आणि खडूनं खूण केली.

पाऊण तास तसाच उभा. दंड भरून आले.

कोट झाला. हात सोडले की
मानेमागे फुगतो, बाह्या चुरगळतात,
मागून आणल्यासारखा दिसतो.
"नुसतं उभं राहायला नाही शिवला,"
टेओफिल म्हणाला, आणि पैसे मोजून घेतले.

परवा शेवटच्या फेरीनंतर
डेपोत, रिकाम्या डब्यात
घालून पाहिला.
हात वर केले.
खांदे बसले.