पी.यू.ओ.

केसपेपरवर डॉक्टर मुळीकांनी तीन अक्षरं काढली,
पेनाला टोपण लावलं आणि पुढच्या खाटेकडे गेले.
खाट नंबर अकरा, हिंदुराव चेचर, वय एकसष्ट,
गाव वडणगे, धंदा गुळव्या.
"सिस्टर, ह्यो कुठला रोग म्हनायचा?"
मी सांगितलं, पायरेक्सिया म्हणजे ताप.
पुढची दोन अक्षरं म्हणजे, तो कशानं आलाय ते कळेना.
हिंदुराव खोकत हसले.
"हे तर मला वडणग्यातच ठावं हुतं की.
केएमटीचं तिकीट कशाला काढलं मग?"

रक्त गेलं, लघवी गेली, छातीचा फोटो निघाला.
काही लागेना.
रोज संध्याकाळी, दसरा चौकात गाड्या तुंबायच्या वेळेला
पारा चढायचा, एकशे दोन, एकशे तीन,
आणि मी तक्त्यावर निळ्या शाईनं डोंगर काढत जायची.
पन्हाळा हाय, ते म्हणायचे, वर सपाट.

त्यांची बायको म्हणायची कसर,
पोरगा फोनवर टेंपरेचर,
दहा नंबरचे पटवेगार चाचा बुखार.
डॉक्टर पायरेक्सिया म्हणायचे, मोठे साहेब राउंडला असले की.
एकटे असले की तेही,
"ताप आहे का हो आज?"

हिंदुरावांना विचारावं तर
ते काहिलीबद्दल बोलायचे.
चाळीस वर्षं पाक पारखला, नळी न लावता.
बुडबुडा मोठा तोवर कच्चा.
बारीक फुलं पडायला लागली की
पाण्यात थेंब टाकायचा, गोळी वळून बघायची.
"एक वाफ जास्त झाली की रवा काळा.
जाळव्याला नुसतं बोट दावायचं, चिपाड थांबतंय.
हितं कुनाला बोट दावू?"

नवव्या दिवशी ताप गेला,
आला होता तसाच, न सांगता.
डिस्चार्ज कार्डावर निदानाच्या ओळीत
तीच तीन अक्षरं.
कार्ड घेताना त्यांचा तळवा माझ्या मनगटाला लागला
आणि ते थांबले,
चुलवाणापाशी थांबत असतील तसे.
"पोरी, तुझ्या अंगात हाय की. शंभराच्या वर."

कायतरीच, म्हटलं.
ड्युटी संपल्यावर लावून बघितलं.
शंभर पॉइंट आठ.

रजेच्या अर्जावर आधी पायरेक्सिया लिहिलं.
खोडलं. ताप लिहिलं, ते फार मोठं वाटलं.
मग कणकण.
मेट्रनबाईंनी चष्मा वर करून विचारलं,
"कणकण म्हणजे नक्की किती?"