एक जास्त

कुळें स्टेशनाच्या मागे, सावरीच्या झाडाखाली,
डबा क्रमांक एकशे चौदा उभा आहे
चाकांविना, चार ओंडक्यांवर,
जसं एखादं माणूस चपला काढून
परक्याच्या ओसरीत अवघडून उभं राहतं.

मला कंत्राट नुसतं रंग काढायचं.
चौरस फुटावर हिशोब.
इतिहासाचा फलक दुसराच कुणी करतोय,
मडगावचा, पितळी, तीन भाषांत.

वरचा थर निळा. तेव्हा यात फावडी राहायची,
डांबराचे डबे, आणि पावसात
बाबलो वेळीप व त्याची शेळी.
शेळी मेली, तिचं करडू अजून येतं
आणि माझा सँडपेपर चाटतं.

निळ्याखाली विटकरी. हा
रूळ अरुंद होते तोवरचा.
यावर खनिजाची धूळ अशी बसायची
की रंगारी म्हणे नुसतंच पाणी मारून
पूर्ण पगार उचलायचे.

त्याखाली करडा. हा कुणालाच आठवत नाही.
माझ्या मते हा नाकेबंदीचा:
घाटावरून गाडी येईना, डबा शेडमध्ये अडकला,
आणि शेडमध्ये एवढाच रंग उरला होता.
मी फलकवाल्याला सांगितलं.
तो म्हणाला, पुरावा?

तळाला हिरवा.
त्यावर सोनेरी अक्षरांची फक्त पोटं उरलीत,
जोडून वाचली तर ‘तेर्सैरा’. तिसरा वर्ग.
म्हणजे लाकडी बाकं. म्हणजे पाय बांधलेल्या कोंबड्या.
म्हणजे आल्फांदेगाचा शिपाई
मिरच्यांच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालणारा
आणि मग विसरून डोळे चोळणारा.

काल खिडकीची फळी खाली सरकवली, तर मागे
पेन्सिलच्या रेघा.
चार उभ्या, एक आडवी; चार उभ्या, एक आडवी;
माझ्या कमरेइतक्या उंचीवर.
बसलेलं मूल असणार.
घाट चढताना बोगदे मोजलेत.

मी दोनदा मोजून आलो.
एकदा मालगाडीच्या गार्डशेजारी बसून,
एकदा चालत, बॅटरी घेऊन, वटवाघळांच्या शिव्या खात.
रेघ एक जास्त आहे.

फलकवाला म्हणाला, पोर चुकलं.
पण हात बघा ना त्याचा.
एकही रेघ दुसरीला चिकटलेली नाही,
गाडी एवढी हेलकावत असताना.
असं मूल चुकत नाही.

एर्मेलिंदा कुतिन्यो एकशे चौदामधून
फणसाच्या उकडलेल्या आठळ्या विकायची.
तिला विचारलं तर म्हणाली,
खिडकी दरीकडची का डोंगराकडची?
मी म्हटलं, डोंगराकडची. तिनं मान हलवली,
जणू त्यानं काही ठरतं.
मग म्हणाली, दिवेवाला कायतान तेल विकून खायचा,
त्यामुळे बोगद्यात डोळे उघडे ठेवून उपयोग नव्हता.
आत शिरलं की आम्ही एकमेकींचे हात धरायचो,
उजेड आला की सोडायचो.
एकदा बाहेर आलो
तर बाकावर मी एकटीच,
आणि माझा तळवा ओला, दुसऱ्याच्या घामानं.
हे सांगून ती माझ्या नखांतला रंग बघत बसली.
हिरवा ना, म्हणाली. मला वाटलंच.

आज तेवढी फळी सोडून सगळं खरवडलं.
बिलात एक चौरस फूट कमी लावला.
फलकवाल्यानं विचारलं, हे कसं काय?
मी म्हटलं, माप चुकलं.

संध्याकाळी निघताना फळी वर ओढून घेतली.
मग दुसरी, तिसरी, सगळ्या,
शेवटी दारही लावून घेतलं, आतून.
यार्डात ऊन होतं अजून.
मी बाकावर बसलो
आणि हात बाजूला ठेवला, उताणा.