जागल

हरभरा घाटे धरू लागला की रानडुकरं येतात.
मी माळ्यावर बसतो, तेलाचा रिकामा पिपा घेऊन,
आणि सळईनं बडवतो.
पलीकडून बाजीराव वलथरे परात वाजवतो,
नाल्याकडून कोणी थाळी.
याला आम्ही आवाज म्हणत नाही,
जागल म्हणतो.

त्या वर्षी विहारात बर्मी भन्ते राहायला आले,
ऊ नंदिय. वय पस्तिशीचं, दिसायला विशीतले.
पंचफुला रामटेकेनं पहिल्या दिवशी लाखोळीची डाळ वाढली,
तिखट जास्तच झालं, भन्तेंच्या डोळ्यांतून पाणी,
तरी पात्र पुसून खाल्लं.
मराठी त्यांना येई ती जेवणापुरती:
बस. थोडं. ताई, उद्या मिरची नको.

त्याच रात्री मी पिपा वाजवला
तसे ते धुऱ्याधुऱ्यानं अनवाणी धावत आले,
चीवर बाभळीच्या काट्यांत ओढलेलं.
"कौन आया? कितने ट्रक?"
डुकरं, म्हटलं, भन्तेजी, डुकरं.
शब्द त्यांना कळेना.
मी तोंडापुढे बोटं धरून सुळे दाखवले.
मग ते इतके हसले
की माळ्याचा खांब धरून खाली बसले,
आणि बराच वेळ उठले नाहीत.

पुढं सांगितलं, अर्धं हिंदीत, अर्धं हातांनी:
फौजेनं राज्य घेतलं तेव्हा रात्री आठला
आमचं गाव भांडी वाजवायचं,
घरातलं भूत काढायला वाजवतात तशी.
आधी एक खिडकी, मग गल्ली,
मग नदीपलीकडचं गाव.
शिपाई दारात येऊन विचारायचे, कोणी वाजवलं?
शेजारीण म्हणायची,
साहेब, मी तर घासत होते.

एकदा पंचफुलानं पात्र धुऊन उन्हात उपडं घातलं.
भन्ते पळत गेले, उलटवून सरळ केलं.
"ताई, उपडं नको."
उपडं म्हणजे, तुझं अन्न आम्हाला चालत नाही.
ते आम्ही फौजेच्या दानापुढं धरलं होतं.
तेव्हापासून पंचफुला
घरचा हंडासुद्धा उपडा ठेवत नाही.
पावसाचं पाणी साचतं, साचू दे म्हणते.

माझी भाची ब्रह्मपुरीहून न सांगता आली,
रात्री नऊच्या एसटीनं.
भन्तेंनी विचारलं, कोणाला कळवलं?
कळवायचं कोणाला? भाची आहे.
आमच्याकडं, ते म्हणाले, रात्रीचा पाहुणा
वॉर्डात लिहून द्यायचा: नाव, नातं, किती रात्री.
भिंतीवर घरच्यांचे फोटो.
मध्यरात्री टॉर्च मारून मोजायचे.
एक माणूस जास्त भरलं तर गुन्हा,
एक कमी भरलं तरी.
तुमच्या घरात कोण कमी भरलं, भन्तेजी?
ते चीवराची शिवण बघत राहिले.

माघात पोलीस पाटील आला, कागद बघायला.
आमचाच गोपीचंद,
याच्या लग्नात मी पत्रावळी उचलल्या.
त्यानं मागायच्या आत भन्तेंनी कागद पुढं केला,
दोन्ही हातांनी, मान खाली.
गोपीचंद ओशाळला. चहा नको म्हणाला.
वरून विचारतात बापा, मी काय करू.
जाताना मात्र वहीत लिहून नेलं:
नाव, नातं, किती रात्री.
नात्यापुढं काय लिहिलं
मला दिसलं नाही.

बहिणीचा फोन आधी आठवड्याला यायचा,
मग पंधरा दिवसांनी.
"इकडं हवा चांगली आहे," एवढंच बोलायची,
म्हणजे वाईट आहे.
मग हवाही थांबली.

हरभरा निघाला. डुकरं जंगलात परतली.
माळ्याचं तट्टं तेवढं सोडायचं राहिलं होतं.
मी घरी जेवत होतो,
आठ वाजले, आणि शिवारातून
पिपा ऐकू आला.

बाजीरावचा फोन: काय बे,
रानात आता राखायला राह्यलं काय?
मी घरी आहो, म्हटलं.
दोघंही गप्प. पिपा चालूच.
मग फोनातूनच मला ऐकू आलं,
तो बायकोला परात मागत होता.