आडवं बूच

वॉन्चिसच्या खाडीवर, शेडच्या पत्र्याखाली
डॉसन टिलेट साग चाखतो.
चाखतोच, खरंच.
बोटाच्या पेराएवढं लाकडी बूच
जिभेला लावतो, उजेडाकडे धरतो,
ओल्या लाकडावर रेघ उमटते,
मग भोकात बसवतो, फळीच्या रेघेला रेघ लावून.
वर लाकडी हातोडीचे दोन ठोके. तिसरा नाही.
तिसऱ्याने फुटतं, म्हणतो.

एका बोटीत बुचं बाराशेच्या घरात.
प्रत्येकाखाली एक स्क्रू, जन्मभर अंधारात.
त्याची बायको ऑपल मला म्हणाली होती,
कालवांच्या रश्श्यालाही सागाचीच चव लागते ह्याला,
मीठ कमी की जास्त, विचारायची सोय नाही.

साग तेलकट. गोंद धरत नाही.
आधी अ‍ॅसिटोनने पुसायचा
चिंधी पिवळी होईस्तोवर, मग दुसरी चिंधी,
आणि पुसल्यावर थांबायचं नाही,
तेल पुन्हा वर येतं
मिटवलेल्या भांडणासारखं.
रंध्याची धार दुपारपर्यंत टिकत नाही:
ह्या लाकडाच्या पोटात वाळू असते,
ब्रह्मदेशातल्या कुठल्याशा डोंगराची,
जो डॉसनने पाहिलेला नाही.
समुद्र तरी कुठे पाहिलाय त्याने?
धक्क्यापासून पाव मैल गेला की ओकतो.

माझं पहिलं वर्ष नुसतं घासण्यात गेलं.
एकशेवीसचा कागद, दोनशेवीसचा, तीनशेवीसचा.
भुसा आधी हिरवट, उन्हात राहिला की तपकिरी,
शिंकलं की रुमालावर तोच रंग.
वॉर्निशच्या दिवशी जमिनीवर पाणी शिंपडायचं,
पंखे बंद, रेडिओ बंद,
लोकरी स्वेटर दाराबाहेर,
बोलायचंसुद्धा हळू. धूळ ऐकते म्हणे.
अकरा हात आमचे. बारावा तो स्वतः देतो
श्वास रोखून,
उतू जायच्या बेतातलं दूध उतरवावं तसा.

मार्चमध्ये 'मिस कॉर्डीलिया' पाण्यात गेली.
मालक प्रुइट, रॅलीचे, दातांचे डॉक्टर.
माशाशी झुंजायच्या खुर्चीत बसले,
सागी दांड्यांवर हात ठेवले, पाय ताणून पाहिले,
म्हणाले, 'आरसा आहे आरसा.'
बुचं त्यांना दिसली नाहीत.
दिसली असती तर डॉसनचं चुकलं असतं.

ऑगस्टात बोट परत.
साडेचारशे पौंडांचा मार्लिन, गळाला लागलेला,
उडी मारून थेट मागच्या कठड्यावर,
चोचीचं टोक सागात मोडलेलं, चार बोटं आत.
दोर तुटला. मासा गेला.
प्रुइट म्हणाले, फळी बदला, अख्खी.
डॉसनने फळीवरून अंगठा फिरवला.
'फळी चांगली आहे.'
पकडीने टोक ओढलं, आवाज आला
ओल्या बुटातून पाय निघावा तसा.
भोक गोल करून घेतलं,
बूच कापलं, जिभेला लावलं,
उजेडाकडे धरलं.
बराच वेळ धरून राहिला.
मग भोकावर नेलं, रेघेला रेघ, अगदी बरोबर,
आणि पाव फेरा फिरवलं.
दोन ठोके.

मी विचारलं नाही.
त्याने पटाशीने माथा उडवला, मी घासलं
तीनशेवीसपर्यंत, मग बारा हात.
चोचीचा तुकडा त्याच्या सदऱ्याच्या खिशात,
सुताराच्या पेन्सिलीशेजारी.

प्रुइटना अजून दिसलेलं नाही.
पहाटे चारला बोट निघते,
मी धक्क्यावर असलो तर कठडा शोधतो.
दिव्यात तेवढं कळत नाही, तरी शोधतो:
सगळ्या रेघा खाडीच्या तोंडाकडे,
एक आडवी.
मग इंजिनांचा धूर, पाणी,
आणि जिभेवर, कारण नसताना,
कडवटसं काही.